दाराशी कुणी उभे राहिले नाही

मित्रांनो, जरा घाईने सांगतो, कारण माझ्या शेजारचा डबा काल कापून झाला आणि आता रांगेत माझाच नंबर आहे. मी लांब पल्ल्याच्या गाडीचा डबा. झोपायच्या बर्थचा, पोलादी, एके काळी निळा होतो. आताचा रंग कोणता, ते माझे मलाच सांगता येत नाही. मी उभा आहे तो रूळ पुढे जाऊन मातीच्या ढिगात संपतो. इथे आलेला डबा चाकांवर परत जात नाही, तुकड्यांनी जातो. मला भीती वाटते आणि ती मी लपवत नाही. पण त्याहून मोठी भीती ही, की जे सांगायचे आहे ते न सांगताच माझे तुकडे होतील. तेव्हा ऐका.

आधी घराण्याबद्दल थोडे सांगतो. इंजिनाचे फोटो निघतात, लहान मुले त्याला हात करतात. डब्याकडे कोण बघतो? तुम्ही प्रवास मात्र आमच्या पोटात बसून करता. माझे पणजोबा म्हणजे घोडागाडीच्या तीन पेट्या एका चौकटीवर शेजारी शेजारी ठोकलेल्या. घोडे गेले, इंजिन आले, पण कारागिरांच्या हाताला तीच सवय होती. सवय हा शब्द लक्षात असू द्या, पुढे तिनेच घात केला. आजोबा पूर्ण लाकडी होते. त्यांच्या प्रत्येक खोलीला दोन्ही बाजूंनी दारे होती, पण एका खोलीतून दुसरीत जायला वाट नव्हती. छताला भोके असत आणि एक माणूस टपावरून चालत येऊन त्यांतून तेलाचे दिवे आत सोडायचा. तिकीट तपासणारा तर चालत्या गाडीच्या बाहेरच्या फळीवरून जीव मुठीत धरून पुढे सरकायचा. आत कुणी आजारी पडले, आग लागली, कुणी कुणाचा गळा धरला, तरी पुढचे स्टेशन येईपर्यंत ओरडून उपयोग नसे. अशी बरीच माणसे हकनाक गेली, तेव्हा कुठे वरच्या लोकांना सुचले, की आतल्या माणसाला गाडी थांबवता आली पाहिजे. मग टपावरून एक दोरी नेली. ती ओढली की पुढे घंटा वाजायची, म्हणजे वाजली तर वाजायची. वडील अर्धे लाकडी आणि अर्धे लोखंडी होते. त्यांच्यात बोळ आला, संडास आला, चाकाच्या फिरण्यावर जळणारे विजेचे दिवे आले आणि त्या दोरीची साखळी झाली. मी सगळाच पोलादी निघालो. साखळी मात्र त्यांच्याकडून जशीच्या तशी माझ्याकडे आली.

कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा माझा तोरा काय सांगू! गाद्यांना नव्या कातड्याचा वास होता. खिडक्या एका बोटाने वर जायच्या. मी वाळवंटाच्या कडेने गेलो, बर्फ पडलेल्या डोंगरातून गेलो, समुद्राच्या इतक्या जवळून गेलो की काचांवर मीठ बसायचे. एका बाईने वरच्या बर्थवर बसून अख्खा स्वेटर विणला आणि उतरताना सुयाच विसरून गेली. डब्याचे दुःख एकच. माणसे आमच्यात अर्धी गोष्ट सांगतात आणि उतरून जातात. पुढे काय झाले, ते आम्हाला कुणी सांगायला येत नाही.

आणि डब्याला तोंड नसते. आम्हाला बोलायची संधी एकाच वेळी मिळते, चाकावर हातोडी बसते तेव्हा. मोठ्या स्टेशनांवर एक माणूस लांब दांड्याची हातोडी घेऊन गाडीच्या कडेने चालत येतो आणि प्रत्येक चाकावर एक टोला देतो. चाक धड असेल तर ठण्ण वाजते आणि नाद बराच वेळ रेंगाळतो. तडा गेला असेल तर नुसते थप्प. तेवढे ऐकून तो माणूस ठरवतो, की गाडी पुढे जाईल की नाही. आमचे सगळे बोलणे त्या एका टोल्यात मावते.

आमच्या मार्गावर पुलाआधीच्या स्टेशनात हे काम हातोडेबुवा करायचे. नाव वेगळेच असेल, पण स्टेशन मास्तरपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना बुवाच म्हणत. उंच, किंचित वाकलेले, डावीकडे मान कलती ठेवून ऐकायची सवय. त्यांच्या बायकोला सगळे वहिनी म्हणायचे. रुळांपलीकडे, तारेच्या कुंपणामागे त्यांचे क्वार्टर होते आणि त्याचे मागचे दार आमच्याकडे तोंड करून होते. आमची गाडी दुपारी यायची तेव्हा वहिनी त्या दाराच्या उंबऱ्यावर भाजी निवडत बसलेल्या असायच्या. बुवा टोला द्यायचे, मान वर करून दाराकडे बघायचे आणि पुढच्या चाकाकडे जायचे. टोला, मान वर, पुढचे चाक. मला वाटायचे, काय प्रेम आहे या वयात!

खरी गोष्ट नंतर समजली. एकदा माझ्या पुढच्या डब्याचे चाक थप्प वाजले. बुवांच्या चेहऱ्यावर काहीच हलले नाही. त्यांनी दाराकडे बघितले. वहिनी भाजीची टोपली बाजूला ठेवून उभ्या राहिल्या होत्या. बुवा लगेच मागे फिरले, त्या चाकाशी वाकले आणि त्यांनी हात वर करून गाडी थांबवून ठेवायला सांगितले. चाक बदलले गेले, त्यांची पाठ थोपटली गेली. मी मात्र मनातून हादरलो. बुवांना ऐकू येत नव्हते. आयुष्यभर लोखंडावर लोखंड आपटून आणि शिट्ट्या ऐकून त्यांचे कान गेले होते. ऐकणाऱ्या वहिनी होत्या. त्या बसून असल्या तर चाक धड, उभ्या राहिल्या तर फुटके. ऐकू न येणाऱ्या माणसाला हातोडी कोण देणार? आणि हातोडी गेली की क्वार्टरही गेले. म्हणून नवराबायकोने मिळून दोन वर्षे हे असे निभावून नेले होते.

आता त्या दिवसाकडे येतो. आठवले तरी आजही माझे सांधे करकरतात.

त्या सकाळी माझ्या एका ब्रेकचा ठोकळा चाकाला चिकटून बसला. त्याच्या खिळीला वंगण लागून किती काळ लोटला होता कुणास ठाऊक. चाक घासत राहिले, तापले, लाल व्हायच्या बेताला आले, मग ठोकळा आपोआप सुटला आणि थंड वाऱ्यात चाक भराभर निवले. त्याच वेळी मला आत काहीतरी तटकन तुटल्यासारखे जाणवले. केसाएवढा तडा होता. पण प्रत्येक फेऱ्याला तो थोडा सरकत होता, मधल्या आसाच्या दिशेने. पोटात माणसे भरलेली. कुणी पत्ते खेळत होते, कुणी तोंडावर रुमाल टाकून झोपले होते. मी ओरडायचा प्रयत्न केला, म्हणजे खडखडलो. एक म्हातारा म्हणाला, "हा डबा फारच वाजतो." आणि त्याने कूस बदलली.

माझी सगळी आशा पुलाआधीच्या स्टेशनावर होती. तिथून पुढे उंच पूल, त्याच्यामागे सरळ उतार, आणि संध्याकाळपर्यंत हातोडीवाला माणूस नाही. कसाबसा मी तिथवर पोचलो. मनाशी घोकत होतो, टोला बसू दे, वहिनी उभ्या राहू देत, मग झाले.

गाडी थांबली, आणि वहिनी फलाटावरून माझ्यातच चढल्या. मागोमाग बुवा, हातात त्यांची पिशवी. आता उंबऱ्यावर कोण बसणार? त्यांच्या बोलण्यावरून कळले, की मुलीचे दिवस भरत आले होते. पहिलीच वेळ, तब्येत नाजूक, जावई कामासाठी लांब गेलेला. ती घरी एकटी होती. वहिनींना पोचायलाच हवे होते.

"रजा टाका म्हटलं होतं मी," वहिनी म्हणाल्या. बुवा त्यांचे ओठ बघत होते.

"रजा टाकली असती तर बदली माणूस आला असता, आणि त्यानं चार प्रश्न विचारले असते. चार-आठ दिवसांचा तर प्रश्न आहे. दांडा सांगतो मला. आवाज हातात उतरतो."

"उतरत असता तर मी दोन वर्षं उंबऱ्यावर बसले असते का? बरं, ही गाडी तरी माझ्यासमोर तपासा. मी याच खिडकीशी आहे. माझ्याकडे बघा. दाराकडे नका बघू, दाराला कुलूप आहे."

"कळलं गं. बहिरा झालोय, वेडा नाही झालो."

दोघेही हसले. समोरच्या बाकावर गळ्यात टेप अडकवलेला एक जाडजूड शिंपी बसला होता. नवराबायकोचे काहीतरी चालले आहे असे समजून त्याने नजर खिडकीबाहेर वळवली. बुवा उतरले, रूळ ओलांडून पलीकडच्या बाजूला गेले आणि इंजिनाकडून एकेक चाक वाजवत निघाले.

ठण्ण. ठण्ण. आवाज जवळ येत होता. वहिनी खिडकीला कान लावून बसल्या होत्या. माझे पहिले चाक वाजले, ते धड होते. दुसरेही धड निघाले. मग बुवा वहिनींच्या खिडकीखाली आले. तिसरे चाक, तडा गेलेले. मित्रांनो, आयुष्यात मी इतक्या जिवाच्या आकांताने कधी बोललो नव्हतो. हातोडी बसली.

थप्प.

वहिनी ताडकन उभ्या राहिल्या. दोन वर्षांची सवय, पाय आपोआप उठले आणि वरच्या बर्थवर डोके आपटले. खाली बुवांनीही सवयीने मान वर केली. पण त्यांची मान खिडकीकडे वळलीच नाही. ती वळली कुंपणापलीकडे, क्वार्टरच्या बंद दाराकडे. दाराशी कुणी उभे नव्हते. दोन वर्षांत त्याचा अर्थ एकच होता, की चाक धड आहे. बुवा पुढच्या चाकाकडे गेले.

"अहो!" वहिनींनी हाक मारली. "अहो, इकडे बघा! अहो!"

बुवा पाठमोरे चालत होते. ठण्ण. ठण्ण. फलाटावरच्या हमालालासुद्धा हाक ऐकू गेली, फक्त ज्याला मारली त्याला नाही. वहिनी त्या बाजूच्या दाराकडे धावल्या. ते दार कित्येक महिने अडकलेलेच होते, आणि त्याला कुणाची तरी ट्रंक टेकून ठेवली होती. त्या परत खिडकीशी आल्या. बुवा शेवटच्या डब्यापाशी पोचले होते. त्यांनी हात वर करून सगळे ठीक असल्याची खूण केली आणि गार्डची शिट्टी वाजली.

त्या क्षणी वहिनींच्या चेहऱ्याकडे मी बघितले आहे. गाडी थांबवली तर चारचौघांत विचारणार, बाई, तुम्हाला कळले ते बुवांना कसे कळले नाही? मग हातोडी गेली, घर गेले, माणसाची लाज गेली. शिवाय तिकडे लेक वाट बघत होती. आणि गप्प बसले तर पुढे पूल होता. मी हललो. तडा किंचित पुढे सरकला. वहिनींनी वर हात करून साखळी धरली.

साखळी हलेना.

आजोबांच्या काळात माणसे मेली म्हणून जी वस्तू आमच्यात आली, तिला वर्षानुवर्षे कुणी हात लावला नव्हता. ती जिच्यातून जाते त्या नळीत गंज चढला होता. वहिनी तिला लोंबकळल्या. मी आतून ताण देत होतो, पण डब्याच्या ताण देण्याला काय अर्थ? फलाटाचा शेवट खिडकीतून मागे गेला.

"अहो बाई, दंड होईल," शिंपी म्हणाला. "काही राहिलंय का फलाटावर?"

"चाक फुटलंय. ओढा तुम्ही."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"मला ऐकू आलं. दादा, हात जोडते, आधी ओढा आणि मग काय ते विचारा."

शिंप्याने एकदा त्यांच्याकडे बघितले. मग तो बाकावर चढला, दोन्ही मुठींनी साखळी धरली आणि आपले सगळे वजन तिच्यावर सोडले. माझ्या कण्यातून एक किंकाळी निघाली, गंज सुटला आणि ब्रेक लागले. पुलाचा पहिला खांब समोर दिसत होता.

गार्ड खडी तुडवत आला तो तापलेलाच. "कुणी ओढली?"

"मी," वहिनी म्हणाल्या. त्या दुसऱ्या बाजूच्या दाराने उतरून गाडीला वळसा घालून आल्या होत्या आणि माझ्या पायरीवर बसल्या होत्या. "हे चाक पुन्हा वाजवून बघा."

मागून बुवा धावत आले, धापा टाकत. बायकोला बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"बुवा, तुम्ही हे चाक वाजवलं होतं ना?" गार्डने विचारले. तो त्यांच्याकडे वळून बोलत होता, त्यामुळे त्याचे ओठ दिसत होते.

"वाजवलं होतं."

"ठीक होतं?"

बुवांनी हातोडी दुसऱ्या हातात घेतली. खिडक्याखिडक्यांतून डोकी बाहेर आली होती. वहिनींनी एक शब्दही काढला नाही. त्यांना एका वाक्यात सगळे सांगता आले असते, पण त्यांनी ते बुवांवर सोडले. पुन्हा वाजवा, एवढीच त्यांनी हाताने खूण केली.

बुवांनी हातोडी उचलली. टोला दिला आणि मान वर केली. या वेळी त्यांनी दाराकडे पाहिले नाही, पायरीवर बसलेल्या बायकोकडे पाहिले. वहिनी उठून उभ्या राहिल्या.

बुवांनी हातोडी खाली खडीवर ठेवली. "गार्डसाहेब, मला ऐकू येत नाही," ते म्हणाले. बहिऱ्या माणसाचा आवाज मोठाच असतो, तो शेवटच्या खिडकीपर्यंत गेला. "दोन वर्षं झाली. मी हिच्या कानांवर काम करत होतो. आज ही गाडीत होती आणि मी आपला बंद दाराकडे बघत राहिलो."

गार्डने फडक्याने चाक पुसले. तडा दिसला. तो जवळजवळ आसाला टेकला होता. शिंपी खाली वाकून बघत होता. तो सरळ झाला. त्याने गळ्यातली टेप काढली, घडी केली, परत गळ्यात घातली.

मला गाडीतून सोडवून बाजूला ढकलले. माझी माणसे पुढच्या डब्यांत कोंबली आणि गाडी उशिराने का होईना, पूल ओलांडायला निघाली. वहिनी तिच्यातून गेल्या, जायलाच हवे होते. चालत्या खिडकीतून त्या बुवांना म्हणाल्या, "जेवून घ्या वेळेवर." बुवांनी मान हलवली. ऐकू आले नव्हते, पण एवढे त्यांना पाठ होते. मग ते माझ्या पायरीवर बसून राहिले आणि त्यांनी हाताचा तळवा माझ्या फुटक्या चाकावर ठेवला. आम्ही दोघे अंधार पडेपर्यंत तसेच होतो.

मला नवी चाके मिळाली. बुवांना दुसरी हातोडी मिळाली नाही. पुढे एका फिटरकडून कळले, की बाळ आजीच्या आधी पोचले, मुलगी झाली आणि लेक सुखरूप आहे. माझ्यातल्या माणसाची पुरी गोष्ट मला एवढी एकदाच समजली. पुढच्या फेरीला मी पाहिले, तर क्वार्टरच्या मागच्या दाराशी दुसऱ्याच कुणाचे कपडे वाळत होते.

बुवांची चूक झाली, ती मी झाकणार नाही. पण तेव्हापासून एक गोष्ट मला खाते आहे. त्या स्टेशनात इतकी माणसे होती. मास्तर रोज त्यांच्याशी बोलायचा, हमाल रोज त्यांच्याशी थट्टा करायचा, मुकादम रोज त्यांना कामे सांगायचा. दोन वर्षांत एकालाही कळले नाही, की हा माणूस आपले काहीच ऐकत नाही, नुसता हसून मान हलवतो. सगळ्या गाड्यांचे ऐकणे ज्याच्याकडे सोपवले होते, त्याच्याकडे कुणी लक्ष दिले नाही. कुणी वेळीच विचारले असते, तर त्याला दुसरे काही काम देता आले असते आणि मी पुलाच्या तोंडाशी लटकलो नसतो.

आता चाके यंत्रे तपासतात. चांगली गोष्ट आहे, माझी तक्रार नाही. माझ्याहून हलके, गार हवेचे, बंद काचांचे डबे आले आणि मी मागे पडलो. मला आधी कामगारांना राहायला दिले, मग सिमेंटची पोती ठेवायला, मग कशालाच नाही. छप्पर गळते. ती साखळी अजून आहे, पुन्हा गंजून बसली आहे.

मित्रांनो, मला वाचवा असे मी म्हणणार नाही. वेळ गेली. माझे मागणे वेगळे आहे. तुमच्या घरात रोज ठण्ण वाजणारे एखादे माणूस असेल. आई असेल, काका असतील, नाहीतर नुसती हसणारी बहीण असेल. ते एखाद्या दिवशी थप्प वाजले, तर पुढच्या चाकाकडे जाऊ नका. थांबा. पुन्हा एकदा वाजवून बघा. आणि दार बंद दिसले म्हणून सगळे ठीक आहे असे समजू नका, कारण जो उभा राहून हाका मारतो आहे, तो कदाचित दुसऱ्याच खिडकीत असेल.

तो बघा, कापणारा आला. नळी ओढत आणली, चष्मा लावला. ज्योत पेटवायच्या आधी गंज झाडायला त्याने हातोडी घेतली आहे. किती वर्षांनी कुणीतरी मला वाजवणार आहे! मी सगळा जीव गोळा केला आहे. पडला टोला. ठण्ण! ऐकलेत तुम्ही? अजून धड आहे मी, अजून नाद रेंगाळतो आहे. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले. तो काहीच न ऐकल्यासारखा पुढे सरकला.

इथल्या आवाजाने कान जाऊ नयेत, म्हणून त्याने दोन्ही कानांत कापसाचे बोळे घातले आहेत. बरे केले त्याने.